हा-मा शिला (व्हिएतनाम)

हा-मा शिला : वाहनावरून उतरून पायी चालण्याचा आदेश कोरलेल्या व्हिएतनाममधील पारंपरिक दगडी शिला. विद्यामंदिरे, देवालये, ग्रामदेवतांची स्थाने इत्यादींच्या दर्शनी मार्गावर त्या उभारीत. कोरीव दगडी पाटीस व्हिएतनामी भाषेत ‘बिया’ म्हणतात. ‘हा’ म्हणजे उतरणे व ‘मा’ म्हणजे घोडा. त्यावरून ‘बिया हा-मा’ ही संज्ञा रूढ झाली. दोन्ही शब्द मूळचे चिनी असून हीच दोन अक्षरे चीनमध्ये ‘शिया मा’, कोरियात ‘हा मा’ आणि जपानमध्ये ‘गेबा’ अशी उच्चारली जातात. या शिलांचा आदेश मराठीत ‘पायउतार व्हावे’ या शब्दांनी नेमका सांगता येतो. मूळ अर्थाने वाहनावरून उतरणे आणि लक्षणेने अधिकारपद सोडणे, हे त्या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात. कारण हा-मा शिला ज्यांना उद्देशून होती, ते प्रायः अधिकारीच असत. पायी चालणाऱ्या शेतकऱ्याला वा कारागिराला तिने सांगावे असे काही नव्हते.

स्वरूप : या शिला सामान्यतः साध्या घडणीच्या असतात. विद्वानांची नामावळी असलेल्या शिलांना कासवाचे पीठ, वर नक्षीदार शीर्ष व भोवती वेलबुट्टी असा साज असतो. हा-मा शिलेवर त्या मानाने अलंकरण थोडेच आढळते. दुरून येणाऱ्या स्वारास ओळखता यावीत अशी मोठी अक्षरे, हेच तिचे वैशिष्ट्य होय. ती बहुधा एकटी नसून जोडीने उभी असते व जोडीतील एक शिला वास्तूच्या डावीकडे आणि दुसरी उजवीकडे असते. जोडीमुळे वास्तूच्या पुढील रस्त्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी सीमित होतो. एकच शिला असेल, तर तिचा आदेश मुख्यतः आत जाणाऱ्याला लागू होतो. दोन शिलांमुळे तो समोरून नुसत्या जाणाऱ्यालाही लागू होतो. आदराची मर्यादा अशा रीतीने भिंतीच्या बाहेर, सार्वजनिक रस्त्यावर आणून ठेवलेली असे. शिलेवर घोड्याचाच उल्लेख असला, तरी व्हिएतनामी अधिकारी घोड्याप्रमाणेच ‘व्होंग’ या वाहनातूनही प्रवास करीत. व्होंग म्हणजे लांब दांड्याला टांगलेली व माणसांनी खांद्यावर वाहिलेली झोळी. त्यामुळे ‘मा’ हा शब्द येथे सर्व वाहनांचा प्रतिनिधी म्हणून समजला जाई.

चिनी पूर्वपीठिका : वाहनावरून उतरण्याचा राजदरबारी शिष्टाचार शिलांपेक्षा फार जुना आहे. हान काळात राजवाड्याच्या ‘सूमा’ नावाच्या द्वारापाशी रथातून उतरावे, असा नियम होता. सम्राट वेन (कार. इ. स. पू. १८०–१५७) याच्या काळात युवराज व त्याचा भाऊ एका रथातून न उतरताच त्या द्वारातून आत गेले. तेव्हा जांग श्र-जर या अधिकाऱ्याने त्यांना अडविले आणि त्यांच्यावर अनादराचा आरोप ठेवला. सम्राटाने आपल्या मातेपुढे मुकुट उतरवून, मुलांना नीट वळण लावले नाही याबद्दल क्षमा मागितली आणि राजमातेचा माफीचा हुकूम आल्यावरच राजपुत्रांना आत प्रवेश मिळाला. हा वृत्तांत स-मा छिएन या इतिहासकाराने नमूद केला आहे. तोच युवराज पुढे सम्राट जिंग म्हणून गादीवर आला. नियम वाहन बाळगणाऱ्यांसाठी असल्याने त्याची खरी कसोटी सर्वांत बलिष्ठ व्यक्तीच्या बाबतीत लागते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

कन्फ्यूशसच्या जन्मस्थानी, छ्यूफू येथील मंदिरापुढे असलेली शिला जिन राजवटीतील म्हणजे ११९१ मधील आहे. अधिकारी व इतर सर्वांनी येथे पोहोचताच घोड्यावरून उतरावे, असा तिच्यावरील लेखाचा आशय आहे. नानजिंग येथे मिंग घराण्याच्या संस्थापकाच्या समाधीकडे जाणाऱ्या मार्गावर याच हेतूची दगडी कमान असून तिच्यावरील आदेश सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. मांचू अंमलात राज्याचा विस्तार झाला, तेव्हा एका लिपीने भागेना. बीजिंगच्या कन्फ्यूशस मंदिरापुढील शिलेवर हाच आदेश सहा लिप्यांत कोरलेला आहे.

व्हिएतनाममधील स्वीकार : इ. स. पू. १११ पासून दहाव्या शतकापर्यंत उत्तर व्हिएतनाम बहुतांशी चिनी अंमलाखाली होता. ९३८ मध्ये ङो क्वेन याने बाक दांग नदीवरील लढाईत चिनी आरमाराचा पराभव केला व देश स्वतंत्र झाला. तथापि स्वतंत्र राजघराण्यांनी अभिजात चिनी ही कारभाराची भाषा, कन्फ्यूशसप्रणीत नीती आणि परीक्षेद्वारे अधिकारी निवडण्याची पद्धती कायम ठेवली, किंबहुना ती अधिक दृढ केली. व्हिएतनाममधील पहिली राजकीय परीक्षा १०७५ मध्ये आणि अखेरची १९१९ मध्ये झाली. या साडेआठ शतकांत अधिकारी हा प्रथम विद्वान असावा, ही कल्पना समाजात खोलवर रुजली. हा-मा शिलेचा अर्थ या पार्श्वभूमीवरच उलगडतो.

परीक्षेत यशस्वी झालेला नवा पंडित समारंभाने आपल्या गावी परतत असे व पूर्वजांना वंदन करीत असे. ‘सन्मानाने परत येऊन पूर्वजांस नमन’ अशा अर्थाचे नाव असलेल्या या सोहळ्यात त्याला घोडा, छत्रे, निशाणे व वाद्ये यांचा मान मिळे. काल शेताच्या बांधावरून अनवाणी चालणारा गरिबाचा मुलगा विद्येच्या बळावर घोड्यावर बसे. त्याच विद्येच्या आद्य गुरूच्या मंदिरापुढे मात्र त्याला घोड्यावरून उतरावे लागे. ज्या विद्येने घोडा मिळाला, तिच्यापुढे घोड्याचा अभिमान चालत नाही, असा या आदेशाचा आशय होय.

हानोई : या शिलांचे सर्वपरिचित उदाहरण हानोईच्या ‘व्हान म्येउ’ म्हणजे साहित्यमंदिरापुढे आहे. ली थान्ह तोंग (कार. १०५४–७२) या राजाने १०७० मध्ये हे मंदिर उभारून तेथे जोऊचा ड्यूक, कन्फ्यूशस व त्याचे शिष्य यांच्या प्रतिमा स्थापन केल्या. १०७६ मध्ये ली न्हान तोंग (कार. १०७२–११२७) याने त्याला लागून ‘क्वोक तू झाम’ ही राजकीय विद्याशाळा सुरू केली. ले थान्ह तोंग (कार. १४६०–९७) याच्या आज्ञेने १४८४ पासून पदवीधर पंडितांच्या नावांच्या शिला येथे उभारण्यास प्रारंभ झाला. १४४२ ते १७७९ या काळातील परीक्षांच्या अशा ८२ शिला अवशिष्ट असून, यूनेस्कोने २०११ मध्ये त्यांचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला.

मंदिराच्या मुख्य दरवाजापुढे चार उंच स्तंभ आहेत व त्यांच्या दोन्ही अंगांस, थोड्या अंतरावर, छोट्या छत्रीवजा वास्तूंत हा-मा शिला उभ्या आहेत. मंदिराच्या दर्शनी भागाची आडवी मर्यादा त्यांनी निश्चित होते. परंपरागत नियम असा होता, की सरदार असो वा सेनापती, घोड्यावर असो वा झोळीत, समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने एका शिलेपाशी उतरावे, दुसऱ्या शिलेपर्यंत पायी चालावे आणि मगच पुन्हा वाहनात बसावे. त्याला मंदिरात जायचे असो वा नसो, त्याने नियमात फरक पडत नसे. पूजा, नैवेद्य वा दक्षिणा यांपैकी कशाचीही अपेक्षा येथे नव्हती. दोन दगडांमधील काही पावले हेच अर्पण होते.

आतील पंडितशिला व बाहेरील हा-मा शिला यांची तुलना उद्बोधक आहे. पंडितशिलेवर राजाची स्तुती, परीक्षेचा वृत्तांत व यशस्वी उमेदवारांची नावे-गावे असतात. राज्याचे बळ गुणवंतांवर अवलंबून असते, हा विचार १४८४ मधील पहिल्याच लेखात आलेला आहे. हा-मा शिलेच्या दर्शनी बाजूस मात्र दोनच अक्षरे आहेत. तेथे ना राजाचे नाव, ना आज्ञाभंगाच्या दंडाचा उल्लेख. आतली शिला व्यक्तीला मोठेपण देते, तर बाहेरची ते काही पावलांपुरते काढून घेते.

ह्वे : १८०२ मध्ये झा लोंग (कार. १८०२–२०) याने ङ्वेन घराण्याची सत्ता स्थापून मध्य व्हिएतनाममधील ह्वे येथे राजधानी नेली. १८०८ मध्ये ह्वे शहराबाहेर हुओंग (सुगंधी) नदीच्या काठी नवे साहित्यमंदिर बांधण्यात आले. येथील शिलांवर दोनऐवजी चार अक्षरे असून त्यांचा उच्चार ‘ख्विन्ह काय हा मा’ असा आहे. ‘छत्र कलते करा, घोड्यावरून उतरा’ असा त्यांचा अर्थ होतो. छत्राचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. व्हिएतनामी दरबारात ‘लोंग’ नावाची लांब दांड्याची छत्रे सेवक धरीत आणि त्यांचा रंग व संख्या यांवरून अधिकाऱ्याचा दर्जा ओळखता येई. मराठेशाहीत पालखी व अबदागीर यांचा मान सरकारातून मिळे, त्यासारखीच ही प्रथा होती. घोडा हे वाहन असले, तरी छत्र हे निव्वळ पदाचे चिन्ह होते. म्हणून ह्वे येथील आदेश अधिक स्पष्ट आहे : केवळ खाली उतरणे पुरेसे नाही, पदाची खूणही खाली आली पाहिजे. ‘छत्र कलते करणे’ या शब्दप्रयोगाला चिनी साहित्यात आणखी एक छटा आहे. प्रवासात कन्फ्यूशसची एका सज्जनाशी गाठ पडली असता दोघे आपापल्या रथांची छत्रे कलती करून दिवसभर बोलत राहिले, अशी कथा आहे व त्यावरून तो स्नेहादराने भेटण्याचा वाचक झाला. कन्फ्यूशसच्या मंदिरापुढे ही अक्षरे वाचणाऱ्या सुशिक्षित अधिकाऱ्यास ती कथा आठवल्यावाचून राहत नसे.

याच मंदिराच्या आवारात ङ्वेन काळातील पंडितांच्या ३२ शिला आहेत. त्यांखेरीज तेथे दोन राजाज्ञा कोरलेल्या आहेत. अंतःपुरातील षंढ सेवकांना राज्याच्या अधिकारश्रेणीत स्थान देऊ नये, ही मिन्ह मांग (कार. १८२०–४१) याची, तर राजाच्या मातृकुलातील नातेवाइकांना कारभारात हस्तक्षेप करू देऊ नये, ही थिएउ त्री (कार. १८४१–४७) याची आज्ञा आहे. दोन्हींचा रोख परीक्षेवाचून केवळ जवळिकीने मिळणाऱ्या सत्तेवर आहे. बाहेरील शिला विद्येपुढे अधिकाऱ्याला नमविते आणि आतील आज्ञा विद्येवाचून आलेल्या अधिकाराला रोखतात.

ह्वे येथील राजवाड्यातील दगडांची एक निराळी पंक्ती येथे विचारात घेण्याजोगी आहे. थाय ह्वा या सिंहासन-प्रासादापुढील प्रांगणात ‘फाम सोन’ नावाच्या लहान शिला दोन रांगांत उभ्या आहेत. मुलकी अधिकारी एका बाजूस व लष्करी दुसऱ्या बाजूस अशी त्यांची विभागणी असून पहिल्या ते नवव्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्यांनी कोठे उभे राहावे, हे त्या दर्शवितात. वरच्या तीन श्रेणींसाठी फरसबंदीचा उंच टप्पा व उरलेल्यांसाठी खालचा टप्पा राखलेला असे. दोन्ही प्रकारच्या शिला आदरच शिकवितात. पण फाम सोन शिला प्रत्येकाला त्याची पायरी दाखवितात, तर हा-मा शिला सर्व श्रेणींना एकच पायरी, म्हणजे जमीन, दाखविते. एकाच राज्याने दोन्ही घडविल्या, यात विसंगती नाही. अधिकारश्रेणी टिकवायची, तर तिच्या माथ्यावर तिला नमविणारे काहीतरी असावे लागते, ही कन्फ्यूशसप्रणीत राज्यव्यवस्थेची धारणा होती.

ग्रामीण स्थाने : हा-मा शिला राजधान्यांपुरत्या मर्यादित नाहीत. उत्तर व मध्य व्हिएतनामातील काही देवळे, वीरपुरुषांची स्मारके व गावांतील ‘दिन्ह’ यांच्यापुढेही त्या आढळतात. दिन्ह म्हणजे गावाचे सभागृह व ग्रामदेवतेचे स्थान. या रक्षक देवतेस ‘थान्ह ह्वांग’ म्हणतात. ती पुष्कळदा एखादा ऐतिहासिक सेनापती, गावाचा संस्थापक वा स्थानिक दैवत असते आणि राजा सनद देऊन तिला पदवी बहाल करीत असे. त्यामुळे देवताही राज्याच्या श्रेणीव्यवस्थेचा भाग बनत असे व तिचा मान राखणे हे भक्तीबरोबरच शिष्टाचाराचेही अंग ठरे. करवसुलीसाठी वा चौकशीसाठी आलेला अंमलदार दिन्हपुढे उतरला, म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या गावाच्या मर्यादेपुढे उतरलेला असे. राजाची आज्ञा गावाच्या रूढीपुढे मान तुकविते, अशा आशयाची एक समजूत व्हिएतनामात रूढ आहे. तिचे दगडी प्रतीक म्हणून या ग्रामीण शिलांकडे पाहता येते.

शेजारील देश : चिनी लिपी व कन्फ्यूशस विचार जेथे पोहोचले, त्या इतर देशांतही ही प्रथा आढळते, परंतु प्रत्येक ठिकाणी तिला स्थानिक वळण मिळाले. कोरियात १४१३ मध्ये राजा थेजोंग याच्या कारकीर्दीत राजपूर्वजांचे जोंगम्यो हे मंदिर व राजवाड्याचे द्वार यांपुढे प्रथम लाकडी खुणा रोवण्यात आल्या. येथून जाणाऱ्या लहानमोठ्या सर्व अधिकाऱ्यांनी उतरावे, असा त्यांवर लेख होता. जोंगम्योपुढील दगडी शिला १६६३ मधील आहे. जन्जू येथील १६१४ च्या शिलेवर उतरण्याच्या आदेशाबरोबरच सामान्यांना प्रवेशबंदीही घातलेली आहे. र्‍यूक्यू बेटांवरील नाहा येथे राजपूर्वजांच्या सोगेन्जी मंदिरापुढे १५२७ मध्ये शिलांची जोडी उभारण्यात आली. तिच्यावरील स्थानिक भाषेतील लेख सरदार व सामान्यजन या दोघांनाही उतरण्यास सांगतो. या जोडीपैकी एक शिला १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत नष्ट झाली. जपानमध्ये एदो (सध्याचे टोकिओ) येथील किल्ल्याच्या प्रमुख द्वारापुढे ‘गेबा’ अशी पाटी असे.

कोरिया व जपान या दोन्ही देशांत या प्रथेने भाषेतही खूण ठेवली आहे. धनी आत गेल्यावर घोडे धरून बाहेर थांबलेले नोकर कोणाला बढती मिळणार व कोण पायउतार होणार याची चर्चा करीत. त्यावरून नेमणुकांसंबंधीच्या वावड्यांना कोरियन भाषेत ‘हामाफ्यंग’ व जपानीत ‘गेबाह्यो’ म्हणतात. आजची वृत्तपत्रे हे शब्द सर्रास वापरतात. ते मुळात ‘उतरण्याच्या जागेवरील गप्पा’ होत.

भारतीय संदर्भ : पूज्य स्थळी वाहन मागे ठेवून जाण्याचा संकेत भारतातही प्राचीन आहे. बुद्धाच्या भेटीस निघालेला मगधराज अजातशत्रू हत्ती जाऊ शकेल तेथपर्यंत हत्तीवरून गेला व पुढे पायी चालला, असे पाली ‘सामञ्ञफलसुत्ता’त म्हटले आहे. कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलातील दुष्यंत कण्वाच्या आश्रमात शिरण्यापूर्वी रथातून उतरतो व राजचिन्हे सारथ्याजवळ देतो. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्यूएनत्संगच्या वृत्तांतातील नोंद अधिक नेमकी आहे. राजगृहाजवळील गृध्रकूट पर्वतावर बुद्धाचा उपदेश ऐकण्यासाठी जाताना बिंबिसार राजाने दगडी पायऱ्यांचा मार्ग बांधविला. त्या मार्गावर दोन लहान स्तूप होते. पहिल्यापाशी राजा वाहनातून उतरून पायी निघे व दुसऱ्यापाशी सोबतच्या सामान्य जनांना मागे ठेवी. दोन्ही स्तूप या कृतींच्या नावांनीच ओळखले जात. जपानमधील काही बौद्ध मंदिरांच्या वाटेवर आढळणाऱ्या ‘वाहनातून उतरा’ या आशयाच्या शिलांच्या मागे हीच कथा आहे. व्हिएतनाममधील हा-मा शिलांची घडण मात्र कन्फ्यूशस मंदिर व राजकीय शिष्टाचार यांतून झालेली आहे.

ऱ्हास व सद्यःस्थिती : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएतनाम फ्रेंचांच्या अंमलाखाली गेला आणि हा-मा शिलेचे दोन्ही आधार क्रमाने नाहीसे झाले. पहिला आधार वाचकाचा. रोमन लिपीवर आधारलेली ‘क्वोक ङू’ ही लेखनपद्धती कारभारात व शिक्षणात रूढ झाली, १९१९ नंतर जुन्या परीक्षा बंद पडल्या आणि एकदोन पिढ्यांत चिनी अक्षरे वाचणारा वर्ग विरळ झाला. दुसरा आधार वाहनांचा. घोडे, झोळ्या व छत्रे जाऊन रिक्षा, सायकली व मोटारी आल्या. नव्या सत्ताधाऱ्यांना त्या आदेशाचे बंधन नव्हते आणि नव्या नागरिकांना तो वाचता येत नव्हता. हानोईच्या मंदिरापुढील सरोवर मूळ रचनेत मंदिराचाच भाग होते. आज ते व मंदिर यांमधून क्वोक तू झाम याच नावाचा रहदारीचा रस्ता गेला आहे. दोन शिलांमधील जे अंतर पूर्वी मंत्र्यालाही पायी तोडावे लागे, ते आता मोटारसायकली क्षणात पार करतात.

असे असले, तरी या शिला निर्जीव अवशेष झालेल्या नाहीत. परीक्षेपूर्वी आशीर्वाद मागण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांची साहित्यमंदिरात आजही गर्दी होते. पंडितशिलांच्या कासवांचे मस्तक स्पर्शिले असता यश लाभते, या समजुतीमुळे ती झिजू लागली व अखेर त्यांच्याभोवती कठडे घालावे लागले. बाहेरच्या हा-मा शिलांना असा स्पर्श लाभत नाही. त्यांच्यापाशी कोणी काही मागत नाही. यश देणाऱ्या दगडाला भक्त मिळतात आणि नम्र होण्यास सांगणाऱ्या दगडाला वाटसरू. पण मंदिराची मूळ मर्यादा कोठून कोठपर्यंत होती, हे आज रस्त्यावर उभे राहून सांगता येते, ते या दोन मूक शिलांमुळेच. राजांनी अधिकाऱ्यांवर घातलेले बंधन लोप पावले आहे. आपल्याच अधिकाऱ्यांना विद्येपुढे पायी चालावयास लावणारे एक राज्य येथे होते, याची साक्ष मात्र त्यांनी टिकवून धरली आहे.